चंद्रकळेचा काळा रंग पुसू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतले जुने मराठी वाडे एकेक करून पडत आहेत आणि घराणी फ्लॅटमध्ये राहायला जात आहेत. तीन-तीन पिढ्या एकाच खिळ्यावर टांगलेली तैलचित्रे त्या निमित्ताने खाली उतरतात. उतरली की पहिला विचार येतो, "नव्या घरात लावण्याआधी जरा साफ करून घेऊ." या सफाईत सर्वांत जास्त नुकसान होते ते एका विशिष्ट प्रकारच्या चित्राचे. खुर्चीवर बसलेली बाई, अंगावर काळी चंद्रकळा किंवा गडद लुगडे, हात मांडीवर, मागे अंधारी भिंत. उजळ काय ते चेहरा, हात आणि काठाची एक रेघ. बाकी सगळे काळे, आणि नेमके तेच काळे लोकांना मळ वाटते.

जुन्या तैलचित्रांची दुरुस्ती करणारे आणि व्यक्तिचित्रण शिकवणारे असे आम्ही काही जण हे पत्र मिळून लिहीत आहोत. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी ते छापून आले तर काही चित्रे तरी वाचतील.

आधी त्या काळ्याविषयी. वास्तववादी पद्धतीने रंगवलेल्या चंद्रकळेत ट्यूबमधला निव्वळ काळा फार थोडा असतो. हाडांच्या कोळशापासून केलेला आयव्हरी ब्लॅक, त्यात तपकिरी बर्न्ट अंबर, कुठे निळा प्रशियन ब्लू, कुठे लाल क्रिमसन लेक. खिडकीकडच्या गुडघ्यावर उजेड पडतो तिथे काळा किंचित निळसर, थंड होतो. निऱ्यांच्या खोलगटात तो तपकिरी, उबदार होतो. पदर खांद्यावरून मागे वळतो तिथे कड मुद्दाम हरवलेली असते, लुगडे आणि भिंत एकमेकांत मिसळतात. खुर्चीचे शिसवी लाकूड, लुगडे आणि पार्श्वभूमी हे तीन वेगळे अंधार आहेत, आणि बाई 'बसलेली' दिसते ती याच तिघांतल्या फरकामुळे. मांडीचा उंचवटा, गुडघ्यापाशी ताणलेले कापड, खुर्चीवर पडलेला देहाचा भार, हे सगळे त्या अर्ध्या-पाव छटांत सांगितलेले असते. त्या छटा पुसल्या गेल्या की चेहरा तसाच राहतो, पण बाई काळ्या कागदावर कापून चिकटवल्यासारखी दिसू लागते.

पाहायचे असेल तर खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या बाजूला जवळजवळ सपाट धरा आणि डोळे अर्धे मिटून बघा. मळकट वाटलेल्या भागात निऱ्या मोजता येतील.

आणखी एक. गडद दिसणारे प्रत्येक लुगडे काळे नसते. पिवळ्या पडलेल्या वॉर्निशाखाली आणि समईच्या काजळीखाली विधवेचे तांबडे आलवणही काळेच दिसते. वस्त्राचा रंग त्या बाईच्या आयुष्यातली अवस्था सांगत असतो. तो खरवडून गेला किंवा वर नवा काळा थापला गेला, तर घराण्याच्या इतिहासातली एक नोंदच गेली.

ही चित्रपद्धती बडोद्याला परकी नाही. युरोपात चित्रकार कुर्बेने १८५५ साली पॅरिसमध्ये 'वास्तववाद' हे नाव देऊन स्वतःचे वेगळे प्रदर्शन मांडले. चित्रकार व्हिस्लरने १८७१ मध्ये काळ्या पोशाखात बसलेली आपली आई रंगवली आणि चित्राच्या नावातच राखाडी आणि काळा हे दोन रंग घातले. जर्मन चित्रकार लाइब्लने चर्चमध्ये बसलेल्या तीन स्त्रियांवर १८७८ ते १८८२ अशी वर्षे घालवली. त्याच काळात, १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्यात आले, इथे व्यक्तिचित्रे केली, आणि पुढे १८८८ मध्ये त्यांना १४ पौराणिक चित्रांचे काम मिळाले. १८९० मध्ये कला आणि तंत्र शिकवणारे कलाभवन निघाले. तैलरंगातले व्यक्तिचित्र इथल्या घराघरांत पोचले ते याच वातावरणामुळे. त्यातली बरीच चित्रे सहीविना आहेत, पण म्हणून ती कमी जपावीत असे नाही.

आता ही काळी जागा इतकी नाजूक का असते ते सांगतो, कारण ते कळले की हात आपोआप थांबतो.

शिशाच्या सफेद्याला घोटताना तेल थोडे लागते आणि तो वाळून टणक होतो. चेहरा आणि हात या रंगात असतात, म्हणून शंभर वर्षांनीही ते बहुधा धड असतात. काळा रंग त्याच्या कितीतरी पट तेल पितो, सावकाश वाळतो आणि वाळल्यावरही मऊ राहतो. त्यावर चित्रकाराने लवकर वाळणारा थर घाईने दिला असेल, तर खालचा थर आकसताना वरचा फाटतो. अशा भेगा रुंद असतात, त्यांच्या कडा गोलसर असतात आणि फटीतून खालचा रंग दिसतो. वयाने पडणाऱ्या भेगा बारीक, धारदार आणि जाळीदार असतात. एकोणिसाव्या शतकात गडद सावल्यांसाठी डांबरासारखा बिट्युमेनही वापरत. तो कधीच पुरता वाळत नाही आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा होतो. त्या भेगा बुजवता येतात, पण मोडलेला थर पूर्ववत होत नाही.

त्याहून मोठा धोका वरच्या थरांचा. लुगड्याच्या सावल्यांना खोली यावी म्हणून चित्रकार शेवटी पातळ, पारदर्शक थर देत आणि त्या रंगात बरेचदा राळ मिसळत. वरचे वॉर्निशही राळेचेच. जे द्रावण वॉर्निश विरघळवते तेच या सावल्याही विरघळवते. चेहऱ्यावर चूक झाली तर कापसाचा बोळा गुलाबी होतो आणि काम करणारा थांबतो. चंद्रकळेवर काजळी निघाली तरी बोळा काळा आणि रंग निघाला तरी काळाच! बोळा जितका काळा, तितका मळ निघाला असे समजून माणूस उत्साहाने घासत जातो. हे एवढे एक वाक्य वाचकांनी लक्षात ठेवले तरी आमचे पत्र लिहिणे सार्थकी लागेल.

सहीचेही असेच. ती बहुधा खालच्या कोपऱ्यात, गडद भागावर, तांबूस किंवा तपकिरी रंगात असते, आणि बऱ्याचदा अगदी शेवटी केलेली असल्याने सर्वांत आधी निघून जाते.

घरगुती उपायांपैकी बटाट्याची किंवा कांद्याची फोड चोळणे हा सर्वांत लोकप्रिय. त्यातला रस म्हणजे मुख्यतः पाणी. ते भेगांतून आत शिरते. कॅनव्हासवर रंगाच्या आधी सरसाचा हात दिलेला असतो. तो सरस पाण्याने फुगतो, वाळताना आकसतो आणि त्यावरचे रंगाचे पोपडे सुटतात. मागे राहिलेला स्टार्च बुरशीला आणि कसरीला खाद्य पुरवतो. साबणाचे पाणी, डिटर्जंट, काच पुसायचा फवारा यांचीही गत तीच.

जवसाचे तेल त्याहून फसवे. कापडाने चोळले की चित्र क्षणात झळाळते. काळा काळाभोर होतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. याचे कारण साधे आहे. कोरडा पाटा राखाडी दिसतो आणि पाणी पडले की काळा होतो. खरबरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो, ओल्यावर विखुरत नाही. पण पाणी उडून जाते, तेल राहते. ते वाळून पिवळे-तपकिरी होते, धूळ धरते आणि काही वर्षांनी इतके घट्ट होते की ते काढायचे तर खालचा रंगही धोक्यात येतो. दर दिवाळीला तेल चोळलेले चित्र हाती आले की पहिले कित्येक आठवडे तेच काढण्यात जातात, आणि लुगड्यावरचे तर पुष्कळदा तसेच ठेवावे लागते.

लुगड्याच्या एखाद्या भागात रंग निस्तेज, मातकट दिसत असेल तर तो उडालेला असेलच असे नाही. खालच्या अस्तराने तेल ओढून घेतले की काळा 'बसतो'. जाणकाराने राळेचे, पुढे काढता येईल असे वॉर्निश एक पातळ हात दिले की ती खोली परत येते. फर्निचरचे पॉलिश किंवा पॉलियुरेथेन मात्र कधीच नको. तो लेप पुन्हा सुटत नाही.

पूर्वजांचे चित्र आपल्याकडे पूजेचा भाग असते, आणि ते तसेच असावे. पण चित्राच्या कपाळाला बोटाने लावलेले ओले कुंकू भेगांत उतरते आणि डाग कायमचा राहतो. ताज्या फुलांच्या हारातून ओघळणारे पाणी नेमके छातीपासून मांडीपर्यंत, म्हणजे लुगड्यावरून, उभ्या पांढुरक्या रेघा पाडते. हार अडकवायला चौकटीच्या वरच्या पट्टीत ठोकलेला खिळा आतल्या स्ट्रेचरपर्यंत, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी सांगाड्यापर्यंत गेला, तर प्रत्येक ठोक्याला रंग हादरतो. हार चित्रापुढे पाटावर किंवा खाली तबकात ठेवावा, कुंकू तिथेच वाहावे, आणि निरांजन, उदबत्ती चित्राच्या थेट खाली ठेवू नये. गेल्या शंभर वर्षांची काजळी तिथूनच आलेली आहे.

एक जागा सगळ्यांनी आजच तपासावी. चित्र उलटे करून मागून बघा. स्ट्रेचरच्या चार कोपऱ्यांत प्रत्येकी दोन, अशा आठ छोट्या लाकडी पाचरी असतात. त्या सैल होऊन पडतात आणि खालची पट्टी व कॅनव्हास यांच्या फटीत अडकतात. त्यांच्याभोवती चुना, धूळ, जुना खिळा, पालीची लेंडी असे साठत जाते. पुढून पाहिले तर चित्राच्या खालच्या कडेला फुगवटा आणि त्याभोवती अर्धगोल भेगा दिसतात. बसलेल्या बाईच्या चित्रात ही जागा निऱ्यांची, म्हणजे पुन्हा तेच लुगडे. फुगवटा पुढून दाबू नये. चित्र किंचित पुढे कलते धरून मागून जाड कागदाची पट्टी फटीत सरकवावी आणि कचरा हळूहळू बाहेर ओढावा. पाचरी सापडल्या तर पाकिटात घालून ठेवाव्यात, ठोकू नयेत. उन्हाळ्यात, ४२-४३ अंशांच्या कोरड्या हवेत कॅनव्हास आधीच ताणलेला असतो. तेव्हा पाचर ठोकली की कोपऱ्यात तिरप्या भेगा पडतात.

पावसाळ्यात लुगड्यावर पांढरट झाक आली की घाबरून पुसायला घेऊ नका. सगळीकडे सारखी, निळसर, धुकट झाक असेल तर वॉर्निशाने दमट हवा धरलेली आहे. रंग शाबूत असतो, गडद भागावर ती फक्त जास्त उठून दिसते. ठिपके ठिपके असतील, भिंगातून कापूस पिंजल्यासारखे दिसत असतील तर ती बुरशी. असे चित्र घरातल्या इतर चित्रांपासून वेगळे करावे, वारा खेळेल अशा सावलीत ठेवावे, उन्हात कधीच नाही. बुरशी कोरडी झाल्याशिवाय तिला हात लावू नये, आणि नंतरही नाकातोंडाला मास्क लावूनच मऊ ब्रशने उचलावी. रंगाचे पोपडे उचललेले दिसत असतील तर ब्रशही नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, म्हणून हेही लिहितो. भिजलेले चित्र बाहेरच्या चौकटीतून काढावे, स्ट्रेचरवरून मात्र काढू नये. तोंड वर करून, आडवे, टीपकागदावर ठेवावे. चिखल पुसू नये. पंखा दूर, हेअर ड्रायर नाही, ऊन नाही. भिजलेला कॅनव्हास आकसतो आणि वरचा रंग तंबूसारखा उभा राहतो. त्या अवस्थेत बोट लागले तरी तुकडा पडतो. पडलेले तुकडे कितीही बारीक असले तरी एका डबीत जपून ठेवावेत.

आणि हे सारे करण्याआधी ते चित्र खरोखर तैलचित्र आहे का, ते बघून घ्या. घरांतली बरीच 'ऑइल पेंटिंग्ज' म्हणजे मोठा केलेला फोटो आणि त्यावर चढवलेला रंग असतो. भिंगातून चेहऱ्यावर विणीचा मागमूस नसेल, पृष्ठभाग कागदासारखा सपाट असेल, डोळ्यांचे बारकावे गुळगुळीत आणि लुगडे मात्र ब्रशने सारवलेले असेल, तर शंका घ्यावी. अशा चित्राखाली जिलेटिनचा थर असतो. त्याला ओला कापूस लागला तर चेहराच सरकतो.

दुरुस्तीला द्यायचे ठरवले तर काय विचारावे? काम सुरू होण्याआधीचे फोटो काढणार का. द्रावणाची चाचणी कडेला, चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत करणार का, आणि लुगड्याची चाचणी चेहऱ्यापेक्षा वेगळी घेणार का. अतिनील दिव्याखाली चित्र दाखवणार का: जुने राळेचे वॉर्निश त्यात हिरवट चमकते आणि नंतर कोणी वरून केलेले रंगकाम गडद डागांसारखे दिसते. रंग भरणार ते फक्त उडालेल्या जागेत की सगळ्या लुगड्यावर? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "एकसारखे दिसावे म्हणून पूर्ण काळा मारून देतो" असे आले, तर चित्र उचलून घरी आणावे. तसे रंगकाम स्वस्त असते आणि दोन दिवसांत होते, पण चित्रकाराने रंगवलेली बाई त्याखाली गाडली जाते.

नव्या घरी नेताना चित्र उभेच न्यावे. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नये. टेम्पोतल्या उष्णतेने फुग्यांचे गोल ठसे वॉर्निशवर उठतात आणि काळ्यावर ते ठळक दिसतात. चौकटीवर टेकेल, पण रंगाला शिवणार नाही असा जाड पुठ्ठा पुढे-मागे बांधावा. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये. दुसरी जागाच नसेल तर चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना एक-दीड सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत हवा खेळती ठेवावी. चित्राच्या डोक्यावर हॅलोजन नको. पाठीला प्लायवूड चिकटवू नये.

शेवटी एक विनंती. महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखा १९५० पासून आणि संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ पासून आहे. सयाजीबागेत संग्रहालय आणि चित्रदालन आहे. या संस्थांनी मिळून दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, दोन दिवस नागरिकांसाठी सल्ला-केंद्र चालवावे. लोकांनी चित्रे उचलून आणू नयेत, मोबाइलवर पाच फोटो आणावेत: पूर्ण पुढून, पूर्ण मागून, बाजूने टॉर्च धरून, सहीचा कोपरा, आणि सर्वांत खराब झालेली जागा जवळून. एवढ्यावरून कोणते चित्र तातडीने द्यायला हवे आणि कोणते भिंतीवर आहे तसे ठेवावे हे बव्हंशी सांगता येते. आपल्या वृत्तपत्राने ही सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपले,
जुन्या तैलचित्रांच्या दुरुस्तीचे आणि अध्यापनाचे काम करणारे काही बडोदेकर